गेम अडखळतो तेव्हा



आज मी ज्या तक्रारीबद्दल बोलणार आहे, ती ऐकून घरातली मोठी माणसं एक तर हसतात, नाही तर चिडतात. वर्ध्यात संगणक दुरुस्तीचं काम करताना दर उन्हाळ्यात ही तक्रार माझ्याकडे येते. बारा-पंधरा वर्षांचा मुलगा दारात उभा असतो, मागे त्याचे वडील असतात आणि मुलगा सांगतो, "काका, गेम अटकून राह्यला. आवाजबी फाटून राह्यला." वडिलांचं म्हणणं ठरलेलं असतं, "याच्या गेमपायीच कॉम्प्युटर बिघडला, भाऊ."

ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं. पत्र टाइप करणं, निकाल पाहणं, फोटो बघणं ही कामं संगणकाच्या दृष्टीनं हलकी असतात. गेम मात्र प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मेमरी, डिस्क आणि आवाजाचा भाग या सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावतो आणि ते काम वेळेवर मागतो. रिकामी बंडी सगळीच नीट चालते. आख कुरकुरतो तो कापूस भरल्यावर. संगणकाचं तसंच आहे. त्याचं दुखणं गेममध्ये आधी दिसतं, म्हणून गेमनंच ते आणलं असं आपण समजतो. पुढे त्याच संगणकावर मुलाचा सीईटीचा सराव असतो, मुलीचा ऑनलाइन वर्ग असतो. ज्या कारणानं गेम अडखळला, त्याच कारणानं उद्या वर्गातला आवाज तुटतो.

आधी चित्र आणि आवाज पडद्यावर कसे येतात ते पाहू. सिनेमासारखाच गेमही सुट्या चित्रांनी बनतो. फरक एवढाच, की सिनेमाची चित्रं आधी तयार असतात आणि गेमची चित्रं खेळता खेळता तयार करावी लागतात. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात खेळाडूनं कोणतं बटण दाबलं ते बघायचं, शत्रू कुठे सरकला ते ठरवायचं, सावल्या काढायच्या, रंग भरायचे आणि चित्र पुढे द्यायचं. लगेच पुढचं चित्र सुरू.

लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. साठ पानं मांडली आहेत आणि वाढपी भात घेऊन निघाला आहे. प्रत्येक पानापाशी तो सारखाच वेळ थांबला तर पंगत सुरळीत चालते. एका पानापाशी तो रेंगाळला आणि पुढची पानं त्यानं घाईनं उरकली, तर एकूण वेळ तेवढाच भरतो, पण मध्ये ताटकळलेल्या पाहुण्यांना विचारून पाहा! गेमचंही असंच होतं. कोपऱ्यातला आकडा ६० चित्रं दाखवतो आणि तरी खेळताना हिसके जाणवतात, कारण तो आकडा सरासरीचा असतो. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट' या अमेरिकी नियतकालिकात स्कॉट वॉसन यांनी हीच गोष्ट मांडली. सेकंदाला किती चित्रं आली एवढं मोजून भागत नाही, प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते मोजा, असं त्यांनी दाखवून दिलं. त्यानंतर संगणकाच्या परीक्षणांची पद्धतच बदलली.

आवाजाची व्यवस्था थोडी वेगळी आहे. संगणक आवाजाचे बारीक तुकडे करतो, साधारणपणे सेकंदाला ४८,००० तुकडे. हे तुकडे एका छोट्या टाकीत साठवले जातात आणि स्पीकर त्या टाकीतून अखंड ओढत राहतो. विंडोजमध्ये ही टाकी साधारण १० मिलिसेकंदांच्या घोटांनी भरली जाते. भरणारा थोडा उशिरा आला आणि टाकी कोरडी पडली, की कर्र, टक् असा आवाज येतो. संगणक पुरता अडकला तर टाकीतला तोच घोट पुन्हा पुन्हा वाजतो आणि 'ट-ट-ट-ट' असं ऐकू येतं. चित्रातली एखादी छोटी चूक डोळा पोटात घालतो, कान मात्र माफ करत नाही. म्हणून पुष्कळदा बिघाडाची पहिली वर्दी आवाजच देतो.

हा प्रश्न आजचा नाही. १९७८ मध्ये जपानच्या तायतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम आला. तोमोहिरो निशिकादो यांनी तो तयार केला होता. पडद्यावर ५५ परग्रहवासी असत आणि त्या काळातल्या इंटेल ८०८० या प्रोसेसरला एवढ्या साऱ्यांना हलवणं जड जाई. खेळाडू एकेकाला टिपत गेला की काम हलकं होई आणि उरलेले भराभर पळू लागत. तो वेगच मग खेळाची गंमत ठरला. प्रोसेसरवरचं ओझं आणि पडद्यावरचा वेग यांचं नातं यापेक्षा सोप्या रीतीनं सांगता येणार नाही.

दुसरं उदाहरण आपल्याकडच्या सायबर कॅफेंच्या काळातलं. २००५ मध्ये एएमडी कंपनीचे दोन गाभ्यांचे ॲथलॉन ६४ एक्स-२ प्रोसेसर बाजारात आले. नवा आणि दुप्पट ताकदीचा संगणक घ्यावा, तर काही जुने गेम त्याच्यावर हिसके देत. दोन्ही गाभ्यांतली घड्याळं किंचित पुढेमागे होत आणि एकाच घड्याळावर विसंबलेला गेम गोंधळून जाई. शेवटी कंपनीनंच 'ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर' नावाचा छोटा प्रोग्राम दिला. म्हणजे संगणक कमजोर नव्हता, पैसेही कमी पडले नव्हते. कारण वेगळं होतं आणि ते शोधावं लागलं.

आता आपल्या जिल्ह्यातला एक अनुभव सांगतो. हिंगणघाटकडचे एक कास्तकार मुलाला आणि संगणकाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा बारावीत. संगणक जुना, कुणाकडून तरी विकत घेतलेला. दिवाळीपर्यंत तो उत्तम चालत होता आणि नंतर गेम अडखळू लागला. एका दुकानात दाखवल्यावर ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन टाकावं लागेल असं सांगण्यात आलं. किंमत ऐकून वडिलांचा संताप झाला. गेम खेळून कार्ड जाळलं, आता हा डबा विकूनच टाकतो, असं त्यांनी घरी जाहीर केलं. मुलगा रडवेला झाला होता. त्याच संगणकावर त्याचा प्रश्नपत्रिकांचा सराव चालू होता आणि तिथेही अलीकडे पान उघडायला वेळ लागत होता. हे त्यानं वडिलांना सांगितलं होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास बसेना.

मी मुलाला एकच विचारलं, "सुरू केल्याबरोबर अटकते, का थोड्या वेळानं?"

तो म्हणाला, "दहा-पंधरा मिनिटं एकदम मस्त चालते, काका. मग चित्र अन् आवाज दोन्ही संगंच अटकते. बंद करून ठेवलं अन् घंट्याभरानं लावलं, का पुन्हा चांगलं."

श्रोतेहो, हे उत्तर लाखमोलाचं होतं. कार्ड खरोखर गेलेलं असतं तर पहिल्याच मिनिटाला पडद्यावर रेघा, ठिपके, काळोख असं काहीतरी दिसलं असतं. थंड असताना चालणं, तापल्यावर अडखळणं आणि निवल्यावर पुन्हा चालणं हे उष्णतेचं लक्षण आहे. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसला पोहोचला की जळून जाऊ नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. उन्हातान्हात चालून आलेला माणूस झाडाखाली बसतो, तसं. तो बसला की चित्रही थांबतं आणि आवाजाची टाकी भरणाराही थांबतो. म्हणून दोन्ही एकदम अडखळतात.

मी खोका उघडला. प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. त्याच्यावरचा पंखा पात्यांमधून हवा फिरवतो. त्या सगळ्या फटी पांढऱ्या तंतूंनी बुजल्या होत्या. बोटानं ओढलं तर पेळूसारखा लांब पट्टा निघाला. मी वडिलांना विचारलं, "दादा, कॉम्प्युटर ठेवता कुठं?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "समोरच्या खोलीत. कापूस बी तिथंच भरला आहे. भाव वाढायची वाट पाहून राह्यलो."

आपल्याकडे हे घरोघर असतं. वेचलेला कापूस भाव येईपर्यंत राहत्या घरात, कधी आढ्यापर्यंत भरून ठेवतात. त्याचे तंतू हवेत तरंगतात आणि संगणकाचा पंखा त्यांना आत ओढत राहतो. त्या संगणकाचा श्वास कोंडला होता तो कापसामुळे. मुलाचा दोष नव्हता, गेमचा नव्हता आणि ज्या बापानं भावाच्या आशेनं घरात कापूस भरला त्याचाही नव्हता. वडिलांनी तो पट्टा हातात घेतला, मुलाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "हा तर आपलाच कापूस हाय बे." मुलगा हसला. दोन महिन्यांची धुसफूस तिथे ओसरली.

ब्रशनं आणि ब्लोअरनं सफाई केली, प्रोसेसरवरचं वाळलेलं थर्मल पेस्ट काढून नवं लावलं. गेम अर्धा तास चालवून पाहिला. चित्र थांबलं नाही. पण आवाजात अधूनमधून टक् टक् येतच होतं. इथे पुष्कळ लोक फसतात. तक्रार पूर्ण गेली नाही म्हणजे आपलं निदानच चुकलं असं त्यांना वाटतं आणि ते केलेलं कामही उलटं करून टाकतात. एका यंत्रात एकाच वेळी दोन बिघाड असू शकतात, जसा एकाच माणसाला सर्दीही असते आणि काटाही रुतलेला असतो.

आता चित्र सुरळीत आणि आवाज तेवढा तुटका, म्हणजे वाट वेगळी होती. मुलगा इंटरनेटसाठी यूएसबीला लावायचं छोटं वायफाय वापरत होता. ते काढलं, आवाज स्वच्छ. परत लावलं, टक् टक् सुरू. तीनदा तसंच करून पाहिलं आणि तीनही वेळा तेच घडलं. त्या वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, जुना होता. असा ड्रायव्हर प्रोसेसरला क्षणभर धरून ठेवतो, दुसऱ्याला बोलूच देत नाही. तो क्षण आवाजाची टाकी कोरडी करायला पुरतो. उपकरण बनवणाऱ्या कंपनीच्या स्थळावरून नवा ड्रायव्हर घातला आणि काम झालं. कोणता ड्रायव्हर असा आडमुठेपणा करतो ते दाखवणारा 'लेटन्सीमॉन' नावाचा प्रोग्राम मिळतो, घरगुती वापरासाठी तो फुकट आहे. नव्या कार्डाची गरज शेवटपर्यंत पडली नाही.

या अनुभवातून जी पद्धत हाती लागते ती आता क्रमानं सांगतो. कागद-पेन्सिल घेतली तर बरं.

पहिली गोष्ट, काय अडखळतं ते नीट पाहा. नुसतं चित्र, नुसता आवाज, की दोन्ही एकदम? दोन्ही एकदम अडखळत असतील तर साऱ्या संगणकाचाच श्वास अडकतो आहे. उष्णता, भरलेली मेमरी किंवा दमलेली डिस्क तपासा. नुसतं चित्र अडखळत असेल तर ग्राफिक्सकडे बघा. नुसता आवाज तुटत असेल तर आवाजाचा किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर, नाही तर हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन असेल तर तो बाजूला ठेवून तारेचा साधा लावून पाहा. ब्लूटूथवर माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा एकदम उतरतो आणि आवाज मागे पडतो. त्यात बिघाड काही नसतो, ती त्या तंत्राची मर्यादा आहे.

दुसरी गोष्ट, केव्हा अडखळतं ते लिहून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी होत असेल तर उष्णता. नव्या जागी गेल्यावर, दार उघडल्यावर होत असेल तर डिस्क. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला नवं सामान शोधून आणायला वेळ लागतो. एखादी गोष्ट पहिल्यांदा घडते तेव्हाच हिसका बसतो आणि दुसऱ्यांदा बसत नाही, असं असेल तर गेम शेडर तयार करतो आहे. प्रकाश, पाणी, धूर कसा दिसावा हे ग्राफिक्स कार्डला सांगणाऱ्या सूचना म्हणजे शेडर. त्या प्रत्येक कार्डाप्रमाणे नव्यानं तयार कराव्या लागतात आणि ड्रायव्हर बदलला की बहुधा पुन्हा कराव्या लागतात. त्यामुळे नवा ड्रायव्हर घातल्यावर पहिला अर्धा तास हिसके बसले तर घाबरू नका. ठरावीक वेळानं, घड्याळ लावल्यासारखा हिसका बसत असेल तर मागे दुसरा प्रोग्राम चालू आहे. आणि फक्त ऑनलाइन खेळताना दुसरे खेळाडू उड्या मारतात, पण तुमचा आवाज आणि आजूबाजूचं चित्र स्वच्छ आहे, असं असेल तर दोष इंटरनेटचा. संगणक उघडू नका.

तिसरी गोष्ट, संगणकालाच विचारा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स किती टक्के गुंतले आहेत ते तिथे दिसतं. गेम अडखळतो त्याच वेळी कोणता आकडा शंभराला टेकतो ते पाहा. डिस्क शंभरावर असेल तर अँटिव्हायरसची तपासणी किंवा विंडोजचं अपडेट चालू असेल. ते संपू द्या. मेमरी भरली असेल तर ब्राउझरची उघडी पानं बंद करा. मेमरी पुरत नाही तेव्हा संगणक डिस्कवर सामान ठेवू लागतो आणि डिस्क मेमरीच्या मानानं फार संथ असते.

चौथी गोष्ट, गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन कमी करा आणि त्याच जागी पुन्हा खेळून पाहा. हिसके गेले तर ग्राफिक्स कार्डावर ओझं जास्त होतं. काहीच फरक पडला नाही तर कार्ड निर्दोष आहे, कारण दुसरीकडे शोधा. या दोन मिनिटांच्या चाचणीनं हजारो रुपये वाचतात. कार्ड बदलायला सांगणाऱ्यानं ती केली होती का, हे अवश्य विचारा.

पाचवी गोष्ट, चित्रांच्या संख्येला मर्यादा घाला. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. व्ही-सिंक चालू असताना एखादं चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार झालं नाही, तर त्याला पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे ३३.३ मिलिसेकंद होतात. कधी एक फेरी, कधी दोन, असं झालं की डोळ्याला हिसका जाणवतो. जुन्या संगणकावर ६० ची ओढाताण करण्यापेक्षा मर्यादा ३० वर ठेवा. चाल संथ होईल, पण एकसारखी होईल.

आणि या सगळ्यांवरचा नियम असा, की एका वेळी एकच बदल करायचा. गेममधली जागा तीच, वेळ तोच, बदल एक. काय केलं आणि काय झालं ते लिहायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि गेम चालू लागला, तर कशानं चालू लागला ते कधीच कळत नाही.

आपल्या भागाचे दोन विशेष आहेत, तेही सांगतो. पहिला आपला उन्हाळा. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जाणं आपल्याला नवं नाही. पंखा संगणकाला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीतली हवा ३० वरून ४२ अंशांवर गेली तर आतल्या चिपचं तापमानही जवळजवळ तेवढंच वर चढतं. म्हणून जानेवारीत नीट चालणारा गेम मेमध्ये दुपारी अडखळतो आणि पहाटे चालतो. संगणक जमिनीवर ठेवू नका, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. कूलरचा झोत थेट संगणकावर सोडू नका. ओलसर हवेत धूळ पात्यांना चिकटून बसते. सफाई करताना वीजजोडणी काढा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, ब्लोअरच्या झोतानं ते गरगरू देऊ नका. ओलं फडकं मुळीच लावू नका. लॅपटॉप उघडायचा असेल तर जाणकाराकडे द्या.

दुसरा विशेष विजेचा. लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि बॅटरी टिकावी म्हणून आपली ताकद कमी करतो. गेम लगेच रेंगाळतो. पुष्कळ मुलं चार्जर न लावता खेळतात आणि लॅपटॉप बिघडला म्हणतात. चार्जर लावा, पॉवरच्या सेटिंगमध्ये बचतीचा पर्याय निवडला गेला आहे का ते पाहा. तेही पाहिल्यावर फरक पडला नाही तरच पुढे जा. होल्टेज फार खाली गेलं तर डेस्कटॉप बहुधा बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो, तो अडखळत राहत नाही. ही दोन दुखणी वेगळी आहेत, त्यांची गल्लत करू नये.

पैसे खर्च करावेच लागले तर क्रम लक्षात ठेवा. सफाई आणि ड्रायव्हर यांना खर्च जवळजवळ नाही. त्यानंतर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. त्यानंतर मेमरी, एकाच पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या टाकल्या तर ये-जा करायला दोन वाटा मिळतात आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला त्याचा चांगला फायदा होतो. ग्राफिक्स कार्ड सगळ्यांत शेवटी. आणि एका क्लिकमध्ये गेमचा वेग दुप्पट करून देतो म्हणणारे प्रोग्राम घेऊ नका. ते स्वतःच मागे चालू राहून मेमरी खातात.

कधी कधी दोष आपल्या संगणकाचा नसतोच. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'एल्डन रिंग' हा गाजलेला गेम आला, तेव्हा महागडी कार्डं असलेल्यांनाही संगणकावर हिसके बसत होते. जगभरातून तक्रारी गेल्या, कंपनीनं दुरुस्त्या पाठवल्या. नवा गेम आल्याबरोबर अडखळला तर संगणकावर हातोडा उचलू नका, काही आठवडे थांबा.

आता थोडं पालकांशी. आपल्या वर्ध्यातच २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं जी योजना आखली तिला 'वर्धा योजना' हेच नाव पडलं आणि सेवाग्रामात नयी तालीम रुजली. हातानं काम करता करता शिकावं, हे तिचं सूत्र. टकळीवर सूत तुटलं की मुलानं पाहायचं, पेळू खराब आहे, चाती वाकडी आहे की हात जोरानं ओढतो आहे? कारण सापडलं की सूत पुन्हा निघतं. अडखळणारा गेम घेऊन बसलेला मुलगा वेगळं काय करतो? तो निरीक्षण करतो, अंदाज बांधतो, पडताळून पाहतो आणि चुकीचा अंदाज सोडून देतो. विज्ञानाचं पुस्तक त्याला हेच शिकवायला धडपडत असतं.

गेम किती वेळ खेळायचा याला शिस्त हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पण गेम बनवणं हेही आज एक काम आहे आणि ते मराठी मुलखात चालतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर गेला. अशा कामात चित्र वेळेवर यावं, आवाज तुटू नये म्हणून माणसं महिनोन् महिने झटतात. तुमच्या मुलाला आज पडलेला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एकच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी "गेम अटकला" असं ऐकू आलं की रागावण्याआधी त्याच्या शेजारी दहा मिनिटं बसा. काय अटकतं आणि केव्हा अटकतं, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यालाच वहीत लिहू द्या. दुरुस्तीसाठी जाल तेव्हा संगणकासोबत ती वही न्या. दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम तिथेच झालेलं असेल आणि तुमचा खर्चही बहुधा तिथेच वाचलेला असेल.